बिननावाच्या दगडांमधून: करकाभाटची फेरी, आपल्याच आवाजात

पुण्याजवळ खडकीच्या युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक विसावले आहेत. हिरवळीवर रांगेत उभ्या असलेल्या दगडांवर नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख कोरलेली आहे. तिथे कुणी सोबत नसलं तरी चालतं, कारण दगडच सांगतो.

छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात करकाभाटला दगड पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावर एक अक्षर नाही. कुठे दगडांची रास, कुठे त्या राशीतून डोकं वर काढणारी उभी शिळा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, शेत साफ करताना कुणी धोंडे वेचून ठेवले असतील. ही अडीच हजार वर्षांच्या आसपासची दफनभूमी आहे. लोखंड वापरणाऱ्या आपल्या भागातल्या सुरुवातीच्या पिढ्यांनी आपली माणसं इथे पुरली आणि त्यांच्या आठवणीसाठी हे दगड वाहून आणून रचले.

रायपूरजवळच्या उरला आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांत जी मराठी कुटुंबं लोखंडावर जगतात, त्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहितो आहे. करकाभाट उरल्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, सकाळी निघून रात्री घरी येता येतं. तिथे हाताला धरून फिरवणारा वाटाड्या मिळेल असं धरून चालू नका. म्हणून फेरीची श्राव्य सोबत घरीच तयार करा: आपणच लिहायची, आपल्याच आवाजात रेकॉर्ड करायची आणि त्या माळावर कानाला लावून फिरायचं. दोन संध्याकाळचं काम आहे.

आधी थोडा अभ्यास

या दगडांना पुरातत्त्वात महापाषाण म्हणतात. मोठे दगड रचून केलेली दफनं किंवा स्मारकं, असा त्याचा साधा अर्थ. बालोद जिल्ह्यात करकाभाटखेरीज धनोरा, करहीभदर, सोरर, मुजगहन या गावांच्या परिसरातही ती सापडतात. बालोद १ जानेवारी २०१२ ला वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे जुन्या अहवालांत हे सगळं 'दुर्ग जिल्हा' या नावाखाली शोधावं लागतं. ही एक गोष्ट ठाऊक असली तर वाचनातला निम्मा गोंधळ टळतो.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचं नाव भेटतं. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ या काळात सिरपूरला उत्खनन करून तिथले बौद्ध विहार उजेडात आणले आणि लगेच १९५६-५७ मध्ये धनोऱ्याच्या महापाषाणांकडे वळले. करकाभाटचं उत्खनन १९९०-९१ मध्ये अरुणकुमार शर्मा यांनी केलं. पुढे त्यांनीही सिरपूरला मोठं काम केलं आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या दोघांच्या कष्टामुळे सिरपूर आपल्याला दिसलं, ते दोघंही या दफनभूमींपाशी आले होते. रायपूरकर पाहुण्यांना सिरपूरला आवर्जून नेतात. या माळावर नेणारे मात्र फार थोडे.

निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात जाऊन या. १८७५ पासूनचं हे संग्रहालय सिरपूरच्या धातुमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिथली एखादी कोरीव दगडी मूर्ती डोळ्यांत ठेवून नंतर करकाभाटचा अनघड दगड पाहिला की मधल्या हजारभर वर्षांचं अंतर कळतं. मूर्ती घडवणाऱ्या हातांपाशी जी पोलादी छिन्नी होती, तिच्यामागची लोखंडाची विद्या या दफनांच्या काळात रुजत होती.

उरल्याच्या माणसाला जे आधीच ठाऊक आहे

श्राव्य फेरीचा गाभा हा भाग असावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. जुन्या भट्टीवाल्यांना तेवढी उष्णता साधत नव्हती. ते खनिज आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत थरांनी भरत आणि भात्यानं हवा फुंकत. कोळशाच्या वायूमुळे खनिजातला ऑक्सिजन निघून जाई, मळी वितळून वाहून जाई आणि तळाशी लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरे. तो तापवून, ठोकून त्याची कुऱ्हाड किंवा भाल्याचं पातं होई. लोखंड पूर्ण वितळलेलंच नसे.

आता सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या किल्नपाशी या. तिथेही कोळशाच्या साहाय्यानं, साधारण हजार अंशांच्या आसपास, खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढला जातो. हाती येणारा माल सच्छिद्र असतो, म्हणून तर त्याचं नाव स्पंज. यंत्रं अवाढव्य झाली, फिरता किल्न आला, पण युक्तीचं मूळ तेच आहे. किल्नवर शिफ्ट केलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत समजतं. एरवी समजावायला फळा लागतो.

भूगोलही साथीला आहे. बालोद जिल्ह्यातच दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि त्यांच्याच खनिजावर १९५९ पासून भिलाईच्या झोतभट्ट्या पेटत आल्या. विदर्भातही हाच धागा आहे. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या १९७८ ते १९८० च्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टीच सापडली. तेव्हा संहिता लिहिताना पुस्तकी इतिहासाइतकीच आपल्या कामाची माहिती वापरा. घरात कुणी भट्टीवर, रोलिंग मिलमध्ये किंवा प्रयोगशाळेत असेल तर लोखंडाचा भाग त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करा.

संहिता कशी लिहावी

सगळं एका लांब भाषणात बसवू नका. सात छोटे तुकडे करा. एका तुकड्यात दीडशे ते दोनशे शब्द पुरेत, म्हणजे दीड-दोन मिनिटं. त्याहून लांब झालं की ऐकणारा दगड सोडून फोनकडे बघू लागतो.

प्रत्येक तुकड्याचा क्रम असा ठेवा: कुठे उभं राहायचं, काय बघायचं, मग त्याची गोष्ट, शेवटी एखादा प्रश्न. बघणं गोष्टीच्या आधी येऊ द्या. "समोरच्या राशीतला सर्वांत मोठा दगड शोधा" हे वाक्य आधी आणि "तो उचलायला किती माणसं लागली असतील?" हे नंतर. माहिती तीच राहते, पण मधल्या वेळात डोळ्यांनी काम केलेलं असतं.

बोलायची भाषा घरातली असू द्या. "प्रस्तुत स्थळी आढळणारे अवशेष" असं लिहिलं तर वाचतानाच जीभ अडखळेल. उदाहरणादाखल एका तुकड्याची सुरुवात देतो:

"इथं क्षणभर थांबा. पायाखाली बघा, मुरमाचा माळ आहे. छत्तीसगडीत अशा जमिनीला भाठा म्हणतात. भाताचं चांगलं पीक अशा जमिनीत येत नाही. मग विचार करा, त्या लोकांनी आपली माणसं कुठं ठेवली आणि शेती कुठं केली असेल? आता हळूच डावीकडून राशीला फेरा घाला. दगडावर पाय देऊ नका. फेरा पूर्ण होईपर्यंत मी काही बोलणार नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. आवाजानं मधूनमधून गप्प राहायचं असतं.

ज्याची खात्री नाही ते छातीठोकपणे बोलू नका. गावकऱ्यांकडून ऐकलेली कथा सांगायची असेल तर "इथले लोक सांगतात" असं म्हणूनच सांगा. उत्खननात निघालेली वस्तू आणि लोककथा दोन्ही मोलाच्या आहेत, फक्त त्यांच्या पंगती वेगळ्या असाव्यात.

रेकॉर्डिंग

फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो. उघड्या खिडकीपाशी बसू नका, ट्रकचे हॉर्न येतात. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर किंवा गाद्या-रजया असलेल्या खोलीत बसलात तर आवाज घुमत नाही. पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे 'फ', 'भ' उच्चारताना फुंकर लागत नाही. एकदा मोठ्यानं वाचून सराव करा, मग कागदाकडे कमीत कमी बघत बोला.

आवाज वाटून घ्या. प्रवासाची सूचना मुलीनं द्यावी, लोखंडाचं बाबांनी सांगावं, मृत्यूविषयीचा तुकडा आजीच्या आवाजात असावा. गेलेल्या माणसांबद्दल बोलायची रीत तिला आपल्याहून चांगली येते.

फाईलींना '०१ माळ', '०२ रास' अशी क्रमांकासहित नावं द्या आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरवून ठेवा. माळावर नेटवर्क मिळेलच असं नाही. नकाशाही घरून निघण्यापूर्वी ऑफलाइन घ्या.

जाण्याची वेळ आणि वाट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, दगड दिसत नाहीत आणि दगडांच्या फटीत साप असतात. उन्हाळ्यात दहानंतर उघड्या माळावर थांबवत नाही. सकाळचं किंवा उतरतं तिरपं ऊन दगडाचा खडबडीतपणा उठावदार करतं, भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

रायपूर, अभनपूर, कुरूदवरून धमतरी गाठा आणि तिथून गुरूरमार्गे बालोदचा रस्ता धरा. नाश्ता धमतरीतच उरका आणि पाणी भरून घ्या. करकाभाटलाच दंतेश्वरी मैया सहकारी साखर कारखाना आहे, रस्ता विचारताना ही खूण सांगितली की काम होतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा गाडी रस्त्यापासून चांगली आत लावा. पायात बूट, डोक्याला टोपी आणि हातात काठी असू द्या.

गावातलं वडीलधारं माणूस भेटलं तर "जय जोहार, कका" म्हणून दोन शब्द बोला, कुठून आलो आणि काय बघायचं आहे ते सांगा. माळ सरकारी असो की संरक्षित, तिथे रोज वावर त्यांचा असतो.

सात थांबे

पहिला थांबा रस्त्याच्या कडेलाच. इथे फक्त सूचना: गट एकत्र राहील, इयरफोन एकाच कानात असेल. दुसरा कान वाऱ्याला, पाखरांना आणि मागून येणाऱ्या गाडीला मोकळा हवा.

दुसरा थांबा माळाच्या मोकळ्या भागात. जागच्या जागी सावकाश फिरून दिसतील तेवढ्या राशी मोजायला सांगा. मुलांचा आकडा मोठ्यांपेक्षा हमखास जास्त येतो, कारण बुटक्या राशी त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

तिसरा थांबा एका राशीपाशी. पावलांनी घेर मोजा आणि वहीत लिहा. दगडांखाली माणूस आहे किंवा होता, हे इथे शांतपणे सांगा. महापाषाण दफनांत पुष्कळदा संपूर्ण देह नसे, नंतर गोळा केलेल्या अस्थी ठेवल्या जात. अस्थिसंचयाची रीत आपल्या घरांतही आहे, त्यामुळे मुलांना हे परकं वाटत नाही.

चौथा थांबा उभ्या शिळेपाशी. इथे बस्तरची आठवण काढा. तिथल्या गोंड समाजांत मृताच्या स्मृतीसाठी शिळा किंवा लाकडी खांब उभारायची रीत आपल्या काळापर्यंत चालत आली आहे आणि दंतेवाड्याजवळच्या गमावाड्यातले स्मृतिस्तंभ प्रसिद्ध आहेत. करकाभाटचे लोक नेमके कोणाचे पूर्वज होते असं यावरून ठरवू नये. मात्र गेलेल्यासाठी दगड उभा करणं ही या मुलखात अजून जिवंत असलेली भाषा आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

पाचवा थांबा लोखंडाचा. महापाषाण दफनांत मृतासोबत वस्तू ठेवत. विदर्भात लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या, काळी-तांबडी मडकी, अकीकचे मणी निघाले. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. लोखंड तेव्हा किती कष्टानं मिळत असे, हे भट्टीवरच्या माणसाच्या आवाजात ऐकल्यावर एक गोष्ट लख्ख होते. कामाची चांगली कुऱ्हाड जमिनीत पुरणाऱ्या कुटुंबानं आपल्या माणसासाठी केवढं मोठं दान दिलं!

सहावा थांबा मौनाचा. यात रेकॉर्डिंग असं नाहीच: एक वाक्य, मग तीन मिनिटांची शांतता, मग "चला" एवढा शब्द. कुणाला नमस्कार करावासा वाटला तर करू द्यावा, न करणाऱ्याला टोकू नये.

सातवा थांबा गाडीपाशी. कोणता दगड सर्वांत लक्षात राहिला आणि का, ते प्रत्येकानं अर्ध्या मिनिटात फोनवर बोलून ठेवावं. पुढच्या कुटुंबाला फेरी देताना हे आवाज शेवटी जोडा.

इतकं पाळाच

दगड हलवायचा नाही, उलटवायचा नाही, त्यावर चढायचं नाही. फोटोत आकार उठून दिसावा म्हणून खडू, पाणी, तेल, हळद-कुंकू काहीही लावायचं नाही. मातीत खापराचा तुकडा किंवा गंजका लोखंडी कपचा दिसला तरी जागचा हलवू नका. कुठे पडला होता यातच त्याची अर्धी माहिती असते, उचलला की ती पुसली जाते. संरक्षित वास्तूचं नुकसान केल्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार कैद आणि दंड होऊ शकतो. स्पीकरवर आवाज लावू नका आणि डबा दगडांपासून दूर, सावलीत उघडा.

सोबत वृद्ध असतील तर पहिले तीन थांबे त्यांनी रस्त्यालगत खुर्ची टाकून ऐकावेत. लहान मुलांना मृत्यूविषयी प्रश्न पडतील. "ते कुठं गेले?" असं विचारलं तर घाईनं विषय बदलू नका. या माळावर त्या प्रश्नाला जागा आहे.

नागपूरला जाल तेव्हा

उरल्यातल्या पुष्कळ मराठी घरांची नाळ नागपूरकडे आहे. दिवाळीत किंवा लग्नकार्याला जाल तेव्हा याच फेरीचा दुसरा भाग तिथे करा. नागपूरच्या वायव्येला काटोल रस्त्याकडे जुनापाणीला सुमारे तीनशे शिलावर्तुळं आहेत. इथे राशीपेक्षा रिंगण स्पष्ट दिसतं: मोठ्या धोंड्यांचा गोल आणि आत मुरूम-मातीचा उंचवटा. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीनं कोरलेले आहेत आणि ते सकाळच्या तिरप्या उन्हातच नीट दिसतात. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी इथे एकोणिसाव्या शतकात खोदकाम केलं, तर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी.

या फेरीच्या संहितेत मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा तुकडा जरूर घ्या. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला गेले होते. संध्याकाळी बोरीकडे परतताना पुरानं भरलेल्या ओढ्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. हजारो वर्षांपूर्वीच्या मृतांना समजून घ्यायला निघालेला माणूस त्याच दिवशी गेला. १८६३ मध्येच सुरू झालेलं नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, जुनापाणीच्या आधी पाहून घ्या.

परत आल्यावर

घरी आल्यावर तुकडे पुन्हा ऐका आणि जिथे आपणच कंटाळलो ते कापून टाका. मोजलेली पावलं, काढलेले फोटो तारखेसह जपून ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा गेलात आणि एखादी रास कमी झालेली दिसली, तर ही वही पुरावा ठरेल. तसं दिसलं तर पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. मग फेरी शेजाऱ्यांना, कारखान्यातल्या सोबत्यांना, शाळेतल्या शिक्षकांना द्या. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या ठिकाणी, जिथे १९३५ पासून आपली माणसं जमत आली आहेत, तिथे सहलीआधी ती सर्वांना ऐकवता येईल. एखाद्या छत्तीसगडी मित्राकडून तीच संहिता त्याच्या बोलीत करून घेतलीत, तर करकाभाटच्या मुलांपर्यंतही पोचेल.

मराठी कानाला आपल्या वस्तीचं नाव पहिल्यांदा ऐकताना क्रियापद वाटतं: उरला. करकाभाटच्या माळावर माणसांची नावं उरली नाहीत, त्यांची बोलीही उरली नाही. दगड उरले, थोडं गंजलेलं लोखंड उरलं आणि भट्टीची युक्ती उरली. ती आज रात्रपाळीला जाणाऱ्या आपल्याच माणसांच्या हातात आहे. त्या दगडांपाशी जाऊन चार शब्द बोलायला त्यांच्याहून जवळचं कोण असेल? या हिवाळ्यात फोन हातात घ्या आणि पहिला तुकडा रेकॉर्ड करा.